लाल केबलचा गुन्हा

लाल केबल निर्दोष सुटली. पण जोतिरामला ते मान्य नाही, तेव्हा ती अजून सुटलेलीच नाही असं धरून चालूया.

शुक्रवार पेठेत अजिंक्यचं कॉम्प्युटरचं दुकान. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जोतिरामनं आपलं एडिटिंगचं मशीन काउंटरवर आपटलं.

"फिल्म साठवायला नवी एसएसडी घेतली तुझ्याकडनं, तरी फिल्म बाहेर येईना. तू दिलेली ही लाल केबल भंगार हाय!"

"भावा, केबल तुटकी नाहीतर ढिली असली तर गोष्ट वेगळी. एरवी केबल बदलून एसएसडी पळत नसती."

"म्हणजे मी खोटा?"

मागं स्टुलावर माढ्याचे रावजी बसले होते. उन्हाळ्यात त्यांच्या पोरीचं, पिंकीचं लग्न झालं, शूटिंग जोतिरामचंच. हळदीदिवशीच पिंकीची आई गोजरबाई घसरली, पाय मोडला, आणि पोरीचं लग्न लागलं तेव्हा ती दवाखान्यात छताकडं बघत पडली होती. आता पावसाळा सरला. ती रोज फिल्मचं विचारायची. जोतिरामचं उत्तर ठरलेलं: केबल.

"आज फिल्म घेतल्याबिगर मी हलत न्हाय," रावजी दातओठ खात म्हणाले. "घरी जाऊन तिला काय केबल दावू?"

जोतिरामला घाम फुटला. पंखा लावायला त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. फिरता पंखा थांबला.

"पंखा पण भंगारच की तुझा!"

अजिंक्यनं पंखा चालू केला. लाल केबल काढून दुकानातली सगळ्यात महाग काळी केबल लावली. वेग मोजला.

"बघा मामा. लाल काय, काळी काय, वेग तोच."

रावजी ताडकन उठले. "बैल बसला म्हणून कासरा बदलतूस व्हय रं?"

"मामा, माझ्या कामावर जायचं न्हाय!" जोतिराम उसळला. "मला कॅमेऱ्याकडं बघावं पण लागत न्हाय. एकच बटण. दाबलं की चालू, दाबलं की बंद. डोळे झाकून करतो! दोष केबलचाच हाय. तिसरी लाव!"

"तिसरी नाही. आता फिल्मच लावतो," अजिंक्य म्हणाला, आणि जोतिरामचा हात पोचायच्या आत त्यानं फाइल उघडली.

फिल्म झटक्यात सुरू झाली. मांडवातली माती. मातीत जोतिरामची चप्पल. "अंतरपाट धरा," अशी हाक आली, बटण दाबल्याचा आवाज आला आणि चित्र तुटलं. पुढचं चित्र थेट पंगतीतलं. गळ्यात लटकलेल्या कॅमेऱ्यातनं, जोतिरामच्या पोटावरून दिसणारी जिलेबी. मग नुसती पत्रावळ. मग हात धुवायचा नळ. "पोरगी निघाली, या सगळे," असं कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, बटण दाबल्याचा आवाज आला, आणि फिल्म संपली.

रावजींनी पायातलं पायताण काढलं.

जोतिरामनं हात जोडले. आवाज एकदम कचेरीतल्या अर्जासारखा झाला. "तरी वधूच्या मातोश्री आता चालू-फिरू लागल्या असल्याने, सदर विवाह त्याच वधूवरांसह, त्याच मुहूर्तावर, वरपक्षाच्या खर्चाने पुन्हा लावून मिळावा, ही नम्र विनंती."