दोरीवरचा पट्टा

"सुट्टीभर इतकं ऊन मिळूनही चष्म्याचा नंबर वाढलाय," मिहिकाच्या मनगटावरचा, उन्हाचे तास मोजणारा प्रकाशपट्टा तपासत डॉक्टर म्हणाले. "म्हणजे उन्हात खेळण्याचा उपयोग नाही. डोळ्यांत सुईच द्यावी लागेल."

सात वर्षांची मिहिका आईला, वृंदाला बिलगली. अकोल्याच्या उन्हात पोर करपेल, म्हणून वृंदानेच सुट्टीत तो पट्टा रोज गच्चीतल्या दोरीवर टांगला होता. शाळेला पट्ट्यावर उन्हाचे ठरलेले तास भरलेले लागत. मिहिका मात्र घरात पडद्यासमोर बसून होती.

"सुई नको, डॉक्टर," वृंदा कशीबशी म्हणाली. "ऊन पट्ट्याला मिळालं. हिला मी बाहेर सोडलंच नाही."

डॉक्टरांनी लिहायला घेतलेली सुईची चिठ्ठी बाजूला सारली. "मग आजपासून सोडा. पण वाढलेला नंबर काही उतरायचा नाही."

"आई, म्हणजे मला खरंच बाहेर खेळायला मिळणार?" मिहिकाने हरखून विचारलं.

वृंदाला तिच्याकडे बघवेना.