डाव्या चाकामागचा बूट

"बूट फाटलाय," यार्नो गाडीखालून म्हणाला. "आई, ही गाडी आज काही पास होत नाही."

ताइमी कॉफीचा मग हातात घेऊनच वाकली. पुढच्या डाव्या चाकामागे, ॲक्सलच्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी टोपण असतं, त्याला बूट म्हणतात. आतलं ग्रीस आत राहावं, बाहेरची माती बाहेर, एवढंच त्याचं काम. त्याला बोटभर चीर गेली होती. फाटक्या बुटाची गाडी सरकारी तपासणीत नापास, त्यात वादच नाही. आणि तपासणी आज दुपारीच होती.

नापास झाली तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. उन्हाळ्यात याच अंगणात मायलेकांनी हातावर हात मारून पैज लावली होती. तपासणीत गाडी अडकली की ती विकायची, आणि ताइमीने घर बंद करून मुलाकडे ओउलू शहरात राहायला जायचं; पास झाली तर इथेच राहायचं. सत्तरी उलटलेली बाई, जंगलातलं घर, गाडीशिवाय पाव आणायचीही सोय नाही. आमच्या हेपोवारा गावात दिलेला शब्द कोणी फिरवत नाही, ताइमी तर नाहीच नाही.

यार्नो उठला, गुडघे झटकले. "गॅरेजवाला आठवडाभर तरी हात लावणार नाही."

"गॅरेजवाला हवाय कोणाला? शेडमधून नवा बूट आण. वरच्या फळीवर आहे, पट्ट्या नि ग्रीस तिथेच."

"तू बदलणार?"

"नाही, रेनडिअरला बोलावते."

या बाईने अर्धं आयुष्य फिरत्या दुकानाची गाडी चालवली. दूध, पाव, खारवलेली मासळी घेऊन गावोगाव जायची. वाटेत गाडी बंद पडली तर विचारायला फक्त झाडं होती. तेव्हा फाटक्या बुटाची मातब्बरी तिला सांगू नये.

चाक जमिनीवर असतानाच तिने पान्ह्याला लांब पाइप लावून मधला नट सैल केला. मग जॅक, खाली टेकूला भक्कम लोखंडी घोडे, चाक बाहेर. खालचा सांधा सोडवला, चाकाचा हब बाजूला ओढला, ॲक्सलचं टोक मोकळं केलं. जुना बूट उतरवला. आतलं ग्रीस दोन बोटांत चोळून पाहिलं. काढून ठेवलेल्या चाकाच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला. मग ती तिथेच उकिडवी बसून चिंधीने बोटं पुसत राहिली.

यार्नोला वाटलं, दमली.

"आमच्या इमारतीला लिफ्ट आहे," तो म्हणाला. "आणि बाल्कनीत ऊन येतं, दुपारपर्यंत."

"बॅटरी नीट धर. उजेड कामावर पाड, माझ्या तोंडावर नको."

त्याने बॅटरी खाली वळवली. आमच्याकडची माणसं अशीच. माया करायची ती हातांनी. लाकडं फोडून देतील, छपरावरचा बर्फ उपसून देतील. मनातलं बोला म्हटलं की घसा बसतो मेल्यांचा. वडील गेल्यापासून यार्नो दर पंधरवड्याला येतो, पडेल ते करतो, आणि बोलतो ते हवामानावर.

ताइमीने सांधा ठोकून ॲक्सलच्या दांड्यावरून काढला, धुतला, पुसला. नवा बूट चढवला, ग्रीस गच्च भरलं, सांधा परत ठोकला. आतली कडी खटकन बसली. शेवटची पट्टी आवळण्याआधी बुटाच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून तिने आतली हवा सोडली. चांगले चांगले मेकॅनिक हे विसरतात. ताइमी विसरली नाही. जेवणाच्या वेळेला गाडी चारही चाकांवर उभी होती.

तपासणीत गाडी पास झाली. तपासणारी पोरगी गाडीखालच्या खड्ड्यातून वर येत म्हणाली, "डावा बूट कोरा करकरीत आहे. कोणी बसवला?"

"मी."

"छान बसवलाय. जुना कशाने गेला?"

"दगड लागला असेल," ताइमी म्हणाली.

यार्नो भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे बघत राहिला.

गाडीत बसल्यावर त्याने हळूच विचारलं, "दगड का म्हणालीस?"

"मग काय सांगू तिला? मुलाने सुरी चालवली म्हणून?"

यार्नोचे कान लाल झाले.

"रबर झिजलं की घडीत भेगा पडतात, अशी सरळ चीर जात नाही," ताइमी म्हणाली. "आणि फाटक्या बुटाने गाडी चालली असती, तर चाकाला आतून ग्रीसचे शिंतोडे असते. चाक कोरडं होतं. म्हणजे आज सकाळी, मी कॉफी ठेवत होते तेव्हा. हो ना?"

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "बर्फ पडायला लागला की मला झोप लागत नाही," तो म्हणाला. "वाटतं, तू तिथे घसरून पडलीस तर कोणाला कळणार?"

"म्हणून पैज लावलीस. आणि हरतोयस असं दिसल्यावर सुरी काढलीस."

तिला राग आला होता. पण एवढा मोठा बाप्या, शेजारी मान खाली घालून बसला होता. ताइमीने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मला काय त्या घरात एकटीला फार सुख आहे, असं वाटतं तुला? अरे, एकदा तोंडाने 'आई, चल' म्हणाला असतास, तर मी बूट बदलायलाही थांबले नसते."