राणीच्या गालावरचे चरे

गहिनीनाथने भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं आणखी जवळ धरलं. रुपयावरच्या फुलाखाली टांकसाळीचं बारीक 'बी' अक्षर दोनदा उमटलं होतं. ठसा मारताना हलला असावा. एकाला चिकटून दुसरं, जरासं सरकलेलं.

सात वर्षं तो या अक्षराच्या मागे होता. पारनेरहून निघायचं, गावोगावचे बाजार पालथे घालायचे, गोणपाटावर बसून जुने राणीछाप चांदीचे रुपये पारखायचे. पुण्याच्या एका शौकिनाने सांगूनच ठेवलं होतं, असा जोडअक्षरी रुपया आणा आणि दुभत्या म्हशीची किंमत घेऊन जा. आणि आज, बहात्तर सालच्या मार्गशीर्षात, राजूरच्या बाजारात तो रुपया स्वतःहून त्याच्या गोणपाटावर आला होता.

त्याने रुपया उलटा केला आणि कपाळावर हात मारला. राणीच्या गालावर चरेच चरे! आडवे, बारीक, खोल. एक तर चक्क जोडीने मारलेला. चांगल्या नाण्याची अशी दशा पाहिली की त्याचं डोकं फिरायचं. पण पुण्याचा माणूस अक्षराला भुलणारा होता. चऱ्यांसकट घेतला असता त्याने.

परतीच्या चारच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. गहिनीनाथची मांडी एका जागी ठरेना.

"बोला आजी, काय देऊ?"

समोर बसलेल्या राहीबाईने मान हलवली. "इकायचा न्हाई रं. खरा का खोटा, तेवढं सांग. सून म्हनती, दगडावर टाकला तर बद्द वाजतोय, शिश्याचा हाय. तवापासनं जिवाला घोर लागलाय माझ्या. पन तू पारनेरच्या गोजरचा थोरला न्हवं? तुजं आजोळ आमच्याच आळीला."

"व्हय, व्हय. पन्नास देतो. शंभर देतो."

"इकायचा न्हाई म्हनलं ना."

रुपया अस्सल होता. बद्द वाजणारच की! इतके घाव खाल्ल्यावर चांदीला बारीक तडा गेला होता, भिंगातून तो स्वच्छ दिसत होता. खरा म्हणून सांगितलं तर म्हातारी तो कनवटीला लावून घरी जाणार. खोटा म्हटलं तर? एका शब्दाचं तर काम. हॉर्न पुन्हा वाजला. कंडक्टर नगर, नगर म्हणून ओरडू लागला.

"खोटा हाय, आजी," तो म्हणाला. "निव्वळ शिसं. असलं घरात ठिवू नये. ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, जाता जाता प्रवरंच्या पान्यात सोडतो."

राहीबाईचं तोंड एवढंसं झालं. तिने रुपया मागितला नाही. रुपया हातात ठेवूनच गहिनीनाथने घाईघाईने गोणपाट गुंडाळायला घेतलं.

"चाळीस वर्सं सुईनपन केलं, बाबा," ती म्हणाली. "नाळ ह्येच्यावर ठिवायची आन् विळ्यानं तोडायची. सासूनं दिल्याला रुपाया. येकेक चरा म्हंजी येकेक लेकरू हाय."

तिने त्याच्या तळहातावरच्या रुपयावर अंगठा फिरवला. तिला बघावंसुद्धा लागलं नाही. जोडीने मारलेल्या चऱ्यावर नख थांबलं.

"आन् ह्यो तुजा. नाळ गळ्याभवती आवळली हुती, निळा पडला हुतास. माजा हात कापाय लागला. दोन घाव घालावं लागलं."

एस.टी. धुरळा उडवत निघून गेली. गहिनीनाथने गाडीकडे पाहिलंदेखील नाही. त्याचं सगळं लक्ष त्या नखाखालच्या दोन रेघांवर खिळलं होतं.

"खोट्या रुपायावर नाळ तोडली तर लेकरू खोटं निपजतं, आसं सासू म्हनायची," राहीबाई म्हणाली. "गावातल्या समद्यांची नाळ मी ह्येच्यावरच तोडली. आता कुनाकुनाला जाऊन इचारू?"

तिने त्याचं मनगट धरलं.

"लेकरा, तू तरी खरा निघालास न्हवं?"