नव्या खेळाडूला सॉफ्टवेअर कशाला?

“ताई, तुम्ही अजून शिकाऊ. तुम्हाला ते सॉफ्टवेअर कशाला?” आदिनाथ म्हणाला.

वाळूजच्या एका कंपनीत सुलेखा तपासणीच्या टेबलावर होती, आदिनाथ मेंटेनन्सला. पहिली शिफ्ट सुटून दोघं बजाजनगरात चहाला थांबले होते. आदिनाथ चार वर्षांपासून मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायचा. सुलेखाने हा खेळ भाऊबीजेला माहेरी पहिल्यांदा पाहिला आणि परत आल्या आल्या त्याच्याकडून शिकून घेतला. नवऱ्यामागे एकटीने घर ओढणाऱ्या चाळिशीच्या बाईला हे काय खूळ, म्हणून तो आधी हसला होता. पण तिच्या पोरीची, अमृताची, नर्सिंगची सीट फीपायी हुकली आणि पोरगी पॅकिंगला जाऊ लागली, हे सगळ्या शिफ्टला माहीत होतं. मग त्याने हसणं सोडलं.

त्याने नीट समजावलं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक डाव टिपून ठेवतं. समोरचा किती वेळा पत्ते टाकून डाव सोडतो, किती वेळा उगाच रक्कम वाढवतो, ते त्याच्या नावापुढे आकड्यांत दाखवतं. पण टेबलावर रोज नवी माणसं. एकाशी हजारभर डाव झाल्याशिवाय त्या आकड्यांना काडीचा अर्थ नाही. नवख्याने आधी आपले पत्ते सांभाळावेत.

“एकच माणूस रोज भेटला तर?” सुलेखाने विचारलं.

“मग लई कामाचं. पण तो कशाला रोज भेटंल? हरला की माणूस नाव बदलून येतो.”

“नाव बदलंल. हात कसा बदलंल?”

हे तिचं कंपनीतलं शास्त्र होतं. गेली अकरा वर्षं ती नुसता पीस हातात घेऊन तो कुणी काढला ते सांगायची. मशीन बदला, शिफ्ट बदला, ऑपरेटर चुकायचा तिथंच चुकायचा. सुपरवायझरसुद्धा रजिस्टर उघडण्याआधी तिला विचारायचे. आदिनाथने जास्त ताणलं नाही. तिने हप्त्याने घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर त्याने सॉफ्टवेअर टाकून दिलं.

सुलेखा दुपारी खेळायची. घरी यायची, दोन घास खायची आणि बसायची. महिन्याभरात एका खेळाडूचे आकडे तिच्याकडे नीट जमले. दोन डाव हरला की तो चिडायचा. चिडला की हातात काही नसताना वाढवत सुटायचा आणि शेवटचं पान उघडेपर्यंत पत्ते टाकायचा नाही. रक्कम लावताना नेहमी वर एक रुपया, आहेराच्या पाकिटात घालतात तसा. पाचशे एक, अकराशे एक. सुलेखा त्याला बारीकसारीक डाव जिंकू द्यायची आणि चांगले पत्ते आले की एकाच डावात सगळं ओढून घ्यायची.

मार्चमध्ये तो गायब झाला. आठ दिवसांनी भलत्याच नावाचा एक खेळाडू आला आणि तिसऱ्याच डावाला त्याने अकराशे एक लावले. जूनमध्ये पुन्हा तेच झालं. नाव तिसरं, रुपया तोच. आदिनाथने स्वतः आकडे पडताळून पाहिले आणि कानाला हात लावला.

आषाढ सरता सरता अमृताची फी जमली. आदिनाथ म्हणाला, ताई, आता बास करा.

“फी झाली,” सुलेखा म्हणाली. “पोरीचं गेलेलं वर्ष राह्यलंय.”

हे त्याला आवडलं नाही. समोरच्या माणसालाही घरदार असेल, लेकरं असतील, असं त्याने स्पष्टच सांगितलं. असतील, ती म्हणाली, आणि चहाचे पैसे देऊन निघून गेली.

राखीपौर्णिमेला ती माहेरी शेंद्र्याला गेली. शेंद्र्याची जमीन एमआयडीसीत गेली त्या साली तिचे वडील तात्यासाहेब वारले होते. बहिणींनी करायची म्हणून सुलेखाने हक्कसोडपत्रावर सही केली आणि सगळा मोबदला धाकट्या भावाच्या, सत्यमच्या, हाती गेला. बंगला झाला, गाडी आली. गेल्या वर्षी अमृताच्या फीसाठी तिने शब्द टाकला, तेव्हा पैसे प्लॉटमध्ये अडकलेत, असं त्याने उभ्या उभ्याच सांगितलं होतं. मागितल्याची तिला तेव्हा फार लाज वाटली होती.

या खेपेला दारात गाडी नव्हती. भावजयीच्या, दीपमालाच्या, गळ्यात नुसते काळे मणी होते. ती पाणी देऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. आई, वच्छलाबाई, भिंतीकडे तोंड करून पडून होती.

सत्यम पाटावर बसला आणि राखी बांधायच्या आधीच रडायला लागला. मोबाइलवरच्या पत्त्यांत सगळं गेलं होतं. आधी त्याच्या खात्यावरून, मग दीपमालाच्या नावाने उघडलेल्या, मग आईच्या.

“एकच जण हाय, आक्का. मी नाव बदललं की आठ दिसात हजर. मला कसा वळखतो, देवाला ठाऊक.”

सुलेखाने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. पूर्वी तो रडला की ती पदराने त्याचे डोळे पुसायची. आज तिने ताटातली राखी उचलली.

त्याने नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. “तुझं आधार कार्ड दे मला. तुझ्या नावावर उघडतो. तू सासरची, आडनाव येगळं, त्याला काय बी कळायचं नाय. एकदा भरून काढतो, मग हात लावत नाय.”

तिने राखीची गाठ घट्ट मारली आणि त्याच्या तोंडात पेढा घातला.

“माझं आधार चालायचं नाय, सत्यम,” ती म्हणाली. “त्याच्यावर भाऊबीजेपास्नं खातं हाय. तुझ्यासमोर बसायलाच काढलं व्हतं.”