शिडीखालची रांग

विमान उतरायला बारा मिनिटं उरली होती आणि स्वागताच्या रांगेत माणसं होती तीन: गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, शाळेच्या बँडचे मास्तर आणि पक्षाची जिल्हाध्यक्ष व्हर्ना हावरकॅम्प.

राष्ट्राध्यक्ष आले की त्यांच्या पक्षाच्या उमेदवारांनी विमानाच्या शिडीपाशी उभं राहायचं, हात मिळवायचा, फोटो काढून घ्यायचा, हा जुना रिवाज. सहा वर्षांपूर्वी आयोवातल्या याच धावपट्टीवर त्यासाठी इतकी रेटारेटी झाली होती, की व्हर्नाच्या कोटाची बाही उसवली. पण दुसऱ्या कारकिर्दीत सिनेटने साहेबांची दोन विधेयकं आपटली, तीन मंत्री सोडून गेले. घर फिरलं की वासेही फिरतात. आज एका उमेदवाराची दाढ दुखत होती, दुसऱ्याच्या सासूबाई अत्यवस्थ होत्या. तिसरा उमेदवार व्हर्नाचा मुलगा.

तिने पुन्हा फोन लावला. "कर्टिस, पाच मिनिटं ये रे बाबा. तुझ्या वडिलांना पुरलं तेव्हा साहेब भर पावसात उभे होते."

"आई, मी दोन टक्क्यांनी मागे आहे. मंगळवारी मतदान. त्यांच्यासोबत एक फोटो छापून आला, की मी संपलो. आणि तू तरी कशाला गेलीस तिथे?"

"मग त्यांनी काय वाऱ्याशी हात मिळवायचा?"

पलीकडून फोन बंद झाला. व्हर्नाला रडू आवरेना. पोरगा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

राष्ट्राध्यक्ष शिडीवर आले, रांग पाहिली आणि मधल्या पायरीवर जरा थबकले. बँड सुरू झाला. धून मोठी होती. हात मिळवून झाले तरी ती वाजतच राहिली.

"व्हर्नाबाई! कर्टिस कुठाय?"

"ताप आलाय त्याला, साहेब."

"साथच आलीय म्हणायची. परवा ओहायोतही सगळ्यांना ताप होता." ते हसले, पण तिचा हात सोडेनात. मग हळूच म्हणाले, "खरं सांगा. माझ्यामुळे पडतोय का तो?"

दुसऱ्यांदा खोटं तिच्या तोंडातून निघेना. "हो, साहेब."

"इकडे बघा!" फोटोवाला ओरडला.

व्हर्नाचा मोकळा हात आपसूक छातीवर गेला. कोटावर कर्टिसच्या नावाचा प्रचाराचा बिल्ला होता. सकाळी सवयीने लावलेला. तो तिने तळव्याखाली झाकला आणि आपण काय केलं हे ध्यानात येताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात मात्र तिने काढला नाही.

राष्ट्राध्यक्षांनी ते पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाठ करून ते तिच्यासमोर उभे राहिले. तिचा हात बाजूला केला, थंडीने आखडलेल्या बोटांनी बिल्ल्याची टाचणी सोडवली. दोनदा निसटली. मग बिल्ला तिच्या मुठीत ठेवून त्यांनी मूठ मिटली.

"बुधवारी लावा," ते म्हणाले. आणि वळून, कुंपणापलीकडच्या कापलेल्या मक्याच्या रिकाम्या शेताकडे पाहत त्यांनी हात उंच करून हलवला.