परातीवरची तारीख

बार्शीटाकळीच्या शफीकचं भांड्यांवर नावं कोरायचं मशीन अब्बांच्या वेळचं. त्याची रुंद पॅरलल पोर्टची वायर नव्या लॅपटॉपला बसेना, म्हणून त्यानं अकोल्याहून यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं आणि भर दुपारी सुभद्राबाईंची परात सुईखाली सरकवली.

तीन सालं पिकांनी दगा दिलेला. दुकानात लग्नाची भांडी कमी आणि ‘स्मरणार्थ’ लिहायची जास्त येत. ही परात मात्र लग्नाची होती. “पोरीचं नाव टाकून ठेव, तारीख ठरली का सांगीन,” असं सुभद्राबाई सांगून गेल्या होत्या.

शफीकनं टाइप केलं, ‘चि. आचलला आईकडून सप्रेम भेट.’

सुई टकटकत गेली आणि थांबली. परातीवर उमटलं होतं, ‘आचलच्या स्मरणार्थ, आईकडून.’ खाली तारीख होती, २४-५-२००९. ती यायला अजून दोन महिने होते.

स्क्रीनवर त्यानं लिहिलेलंच होतं. त्यानं कन्व्हर्टर काढून पुन्हा लावलं, परात पालथी घालून पुन्हा कोरली. तेच शब्द, तीच तारीख.

तो कानस शोधत होता, तोच सुभद्राबाई पेढे घेऊन पायरी चढल्या. त्यांना अक्षरं येत नसत, आकडे तेवढे येत. त्यांनी परात ओढूनच घेतली, पदरानं पुसली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अवं माय! शफीकभाऊ, तारीख तं आताच पक्की करून येऊन राहिली मी. तुले कोनं सांगतली रे?”