पहिल्या पेटीतली बाटली

यतीननं फ्रिजमधून बाटली काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि प्रल्हादरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तीच बाटली. बुचावर तेच पिवळं लाखेचं टोपण. शेजारच्या खुर्चीवर त्यांची मुलगी इला बसली होती. तिचं लक्ष अजून कोथिंबीर वडीत होतं, एवढंच काय ते नशीब.

उन्हाळ्यात यतीन आणि रेणूच्या या नव्या टाउनहाउसची वास्तुशांत झाली, तेव्हा ही बाटली प्रल्हादरावांनीच आणून दिली होती. इथे परदेशात, वेस्ट विंडसरच्या आपल्या मराठी मंडळींत हा रिवाजच आहे. आलेली भेट कपाटात जाते आणि पुढच्या बोलावण्याला नवी पिशवी घालून बाहेर पडते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. प्रल्हादरावांच्या घरी कुणी पिणारं नाही, बाटली उगाच कपाटात अडचण करत होती. त्यांनी दिवाळीची एक सोनेरी पिशवी शोधली, तीत बाटली घातली आणि काम उरकलं.

बाटली इलानं दिलेली होती. फार्मा कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती इटलीतल्या वाइन्स आयात करायला लागली, त्यातल्या नमुन्याच्या पहिल्या पेटीतली ही एक. "बाबा, धिस वन इज फॉर यू. अजून कुठेच विकत मिळत नाही," असं म्हणाली होती. प्रल्हादराव "वा, वा" म्हणाले होते आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मुलगी काय करते असं कुणी विचारलंच, तर ते "इम्पोर्ट-एक्स्पोर्ट" म्हणून मोकळे व्हायचे.

"इला, तू इटलीला जात असतेस ना? बघ तर, ही कुठली आहे," यतीन म्हणाला.

इलानं बाटली हातात घेतली. तिला वाचावं लागलं नाही. लाखेवरून अंगठा फिरवत तिनं वडिलांकडे पाहिलं, एकदाच. हिनं चिडावं, चारचौघांत काहीतरी लागेलसं बोलावं, असं प्रल्हादरावांना फार वाटलं. म्हणजे निदान माफी मागायला तोंड तरी उघडता आलं असतं.

"अगं, ही काकांनीच दिलीय आम्हाला!" रेणूला आठवलं. "काका आणि वाइन! आम्ही किती हसलो होतो यार."

"मला विचारून निवडली बाबांनी," इला म्हणाली. "माझीच आहे ही. म्हणजे, माझी कंपनी इम्पोर्ट करते."

मग काय विचारता! यतीननं काकांच्या पाठीवर थाप मारली. पोरीचं एवढं कौतुक आणि कधी बोलला नाहीत म्हणून रेणू लटकं रागावली. प्रल्हादरावांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, मान खाली घालून वरणात भात कालवला, कालवतच राहिल्या. प्रल्हादराव हसले. दुसरं काय करणार? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

यतीन ग्लासांत बर्फ टाकायला निघाला. इलानं त्याला हसून थांबवलं आणि यतीनचा, रेणूचा आणि आपला असे तिन्ही ग्लास स्वतः भरले. केशरी झाक असलेली, पिवळीधमक वाइन.

"यावर देर्थोना लिहिलंय," ती सांगू लागली. "ते त्या भागाचं जुनं नाव. तिकडे बऱ्याचदा बाटलीवर गावाचं नाहीतर भागाचं नाव असतं, द्राक्षाचं नाही. बरोलो हे गाव, आतलं द्राक्ष नेबिओलो. कियांती हा डोंगराळ भाग, द्राक्ष सांजोवेझे. तसं हे तिमोरासो. फार हट्टी द्राक्ष आहे. एका घडात निम्मे मणी पिकतात, निम्मे कच्चेच. लोकांनी वैतागून वेली उपटल्या आणि भरपूर पीक देणारी दुसरी लावली. जवळजवळ संपलंच होतं हे."

प्रल्हादराव ऐकत होते. आपली मुलगी इतकं सुरेख बोलते, मराठीत बोलते, हात असे हलवते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक करून घेतलंच नव्हतं.

"मग वाचलं कसं?" रेणूनं विचारलं.

"थोड्या लोकांनी ठेवलं. मी ज्यांच्याकडून घेते ना, त्या आजोबांनी वेलींच्या दोन ओळी ठेवल्या होत्या. त्यांचे वडील रोज ओरडायचे, उपटून टाक म्हणून."

"वडिलांना नंतर आवडली असेल की!"

"ही नेव्हर टेस्टेड इट," इला म्हणाली आणि तिनं यतीनपुढे ग्लास सरकवला.

यतीननं घोट घेतला, डोळे मिटले, मधासारखी लागते म्हणाला. रेणू म्हणाली, मध नाही, ओला दगड. यावरून दोघांची जुंपली. प्रल्हादरावांनी आपला पाण्याचा ग्लास उचलला, गटागटा रिकामा केला आणि इलापुढे धरला.

"मलाही दे थोडी."

रत्नाबाईंचा हात ताटातच थांबला. इलानं त्या ग्लासाकडे पाहिलं. मग तिनं बाटली उचलून उलटी केली. तळाशी थोडा गाळ हलला, बाहेर काही आलं नाही.

"संपली, बाबा."

"तुझ्याकडे असेल ना अजून एखादी?" प्रल्हादरावांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "मला हवी होती."

"शुअर," इला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तितकी ती गोड बोलली. "ऑक्टोबरपासून रूट वनवरच्या लिकर स्टोअरमध्ये मिळेल."